नाकापेक्षा जड नळी

बिग होल खोऱ्यात दोन गोष्टी माणसाला उशिराच मिळतात. एक उन्हाळा आणि दुसरी मूस, म्हणजे घोड्याहून थोराड हरीण, मारायचा परवाना. लिओटा स्कार लग्न झाल्यापासून दर वर्षी लॉटरीत अर्ज टाकत आली होती. तो लागला चौऱ्याहत्तराव्या वर्षी. फोनवर नाव दिसलं तेव्हा ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. बादली तिथंच ठेवून ती घरात गेली आणि कपाटातून रायफल काढली. नवऱ्याला सांगायचं तिला नंतर आठवलं.

असा परवाना पुन्हा लागायला माणूस नव्वदीपर्यंत हिंडता-फिरता हवा. म्हणजे जे काय करायचं ते याच हंगामात, बर्फ गुडघ्याच्या वर जायच्या आत.

अडचण रायफलीची होती. लिओटा डावखुरी. तिच्या रायफलीची काडतूस चढवायची खिट्टी डाव्या बाजूला, आणि लाकडी दस्ता तिच्या आखूड हातांसाठी तिच्या बापानं बोटभर कापलेला. अख्ख्या खोऱ्यात तशी दुसरी बंदूक नव्हती, त्यामुळे कुणाकडून मागून आणायचा प्रश्नच नव्हता. वासरांच्या हंगामात कोल्हे हाकलता हाकलता त्या रायफलीनं इतकी वर्षं काढली, की आता तिच्या गोळ्या कुठं जातील ते तिचं तिलाच माहीत नसायचं. खडीच्या खाणीत लिओटानं तीन गोळ्या झाडून पाहिल्या. कागदावरची भोकं जेवणाच्या ताटाएवढी पांगली.

लायमन स्ट्राउड हा तिथला बंदुका दुरुस्त करणारा. त्याच्याकडे नळीत घालून बघायचा बारका कॅमेरा होता. पडद्यावर नळीचं आतलं तोंड दिसलं, ते वाळलेल्या तळ्यासारखं भेगाळलेलं.

"नळी गेली, लिओटा," लायमन म्हणाला. "बाकी सगळं ठणठणीत आहे. नवी नळी बसवली की झालं."

"मग बसव. कारखान्याची किती?"

"तीनशे डॉलरच्या आसपास. आठवड्यात येईल, दुपारभरात बसेल. पण..." लायमननं डोळ्यावरचा चष्मा कपाळावर सरकवला. 'पण' म्हणताना तो नेहमी तसं करी. "परवाना एकदाच लागतो. मी तुला पोलादाच्या दांड्यापासून बनवलेली नळी आणवतो, हातानं घासलेली. काडतुसाची खोबण मी स्वतः कातीन. कारखान्याची नळी म्हणजे तयार कपडे. बसले तर बसले."

"मी जन्मभर तयार कपडेच घातले. एकदाही उघडी फिरले नाही."

"कारखान्याची तीन गोळ्या एका इंचात टाकेल. माझी टाकेल एकाच भोकात."

"मूसची छाती केवढी असते रे, लायमन?"

"असेल की चुलीच्या दाराएवढी."

"मग? मला काय चुलीच्या दारातून सुई ओवायचीय?"

लायमन हसला. पण शेजारी उभा असलेला तिचा नवरा बर्डेट हसला नाही. त्याचे डोळे त्या पडद्यावर खिळले होते, आणि ते डोळे लिओटा ओळखून होती. असेच डोळे करून त्यानं एकदा लिलावात गवत कापायचं यंत्र घेतलं होतं. ते अजून कोठारामागं गंजत होतं.

खुब्याचं हाड बदलल्यापासून तीन हंगाम बर्डेट रानात गेला नव्हता. खुर्चीत बसून तो बंदुकांची मासिकं वाचायचा आणि शिकलेलं ज्ञान इर्माच्या हॉटेलात वाटायचा. इर्माच्या हॉटेलाची एक भिंत म्हणजे या खोऱ्याचं देऊळ. हंगामाच्या तोंडावर जो तो खाणीत जाऊन बाकावर वाळूच्या पिशव्या मांडतो, त्यांवर रायफल ठेवतो, तीन गोळ्या झाडतो आणि भोकांचा कागद भिंतीवर टाचतो. ज्याची तीन भोकं सगळ्यांत चिकटून, त्याला हिवाळाभर इर्माचा पाय फुकट, म्हणजे सफरचंद भरून भाजलेली गोड पोळी. वाईट कागद चुलीत जातात. भिंतीवर जे आहेत त्यांतल्या निम्म्या लोकांनी दोन वर्षांत हरणाचं शेपूटही पाहिलेलं नाही. पण पायचा तुकडा मोडत ते अशा गप्पा मारतात, की एखाद्याला वाटावं यांच्या भीतीनंच हरणं कॅनडात पळाली.

त्या दुपारी बर्डेटनं तिथं हातबनावटीच्या नळीचा हट्ट धरला. "काकू, काकांचं ऐका," त्याचा पुतण्या क्लीट म्हणाला. चाळिशी उलटलेला गडी, दोन घोड्यांचा मालक, आणि मागल्या साली भिंतीवर पहिला. "कारखान्याची नळी म्हणजे जुगार हो. तिथं मशीन एकामागून एक ओतत सुटतं."

"तुझी नळी कुठली?"

"हातबनावटीची. बाराशे पडले."

"आणि मागल्या साली काय मारलंस?"

क्लीटनं कॉफीत साखर घातली. तो कॉफी बिनसाखरेची प्यायचा.

तेवढ्यावर हे मिटलं असतं. पण रात्री जेवताना बर्डेट बटाट्याकडे बघत म्हणाला, "लिओटा, मला आता तुझ्याबरोबर चालवत नाही. निदान बंदूक तरी मला नीट करून देऊ दे."

इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडे काही मागितलं असेल तर मीठ. ती म्हणाली, "कर काय करायचं ते." हे वाक्य गिळायला तिला पुढचे पाच महिने पुरले नाहीत.

नळी ऑगस्टअखेर येणार होती. ऑगस्ट संपला. सप्टेंबरात हंगाम उघडला, मूस माजावर आले, खालच्या कुरणात त्यांचं हंबरणं ऐकू येऊ लागलं. लिओटा दारात उभी राहून रिकाम्या हातानं ऐकायची. बर्डेट फोन करायचा आणि फोन ठेवून म्हणायचा, "चांगल्या कामाला वेळ लागतो."

"देवानं सहा दिवसांत सगळं उरकलं."

"म्हणून तर असं झालंय," बर्डेट म्हणायचा.

ऑक्टोबरात नळी आली, पण ती नेमबाजीच्या बाकावरची, मनगटाएवढी जाड. बर्डेटनं मुद्दाम तशीच मागवली होती. जाड नळी तापत नाही, थरथरत नाही, असं मासिकात होतं. ती जुन्या दस्त्यात बसेना. नवा दस्ता म्हणजे आणखी सहाशे. लिओटा म्हणाली, बापाचा दस्ता टाकून दिलास तर तुलाही टाकून देईन. मग लायमननं तोच दस्ता आतून खरवडला. जाड नळीला वरची दुर्बीण धरणारे जुने पाय चालेनात, नवे आले. नव्या पायांवर जुनी दुर्बीण शोभेना. चार आण्याची कोंबडी होती, मसाला बारा आण्यांवर थांबेना. दोन हजारांच्या पुढचा आकडा बर्डेटनं सांगितला नाही आणि लिओटानं विचारला नाही. घरात शांतता राहावी म्हणून माणसं काय काय करतात.

रायफल घरी आली तेव्हा नोव्हेंबर लागला होता. लिओटानं ती खांद्याला लावली. लावली म्हणजे लावायला गेली. नळीचं तोंड सावकाश खाली झुकलं आणि जमिनीकडे बघत राहिलं.

"ही रायफल आहे का कुंपणाचा खांब?"

"बाकावर ठेवून बघ ना! स्वर्ग आहे, स्वर्ग."

"आणि मूस काय बाकासमोर येऊन उभा राहणार?"

बर्डेटनं ऐकलं नाही. नवी नळी आधी रुळवावी लागते, असं त्यानं सांगितलं. एक गोळी झाडायची, चिंधी घालून नळी पुसायची, मग दुसरी गोळी, पुन्हा पुसायची. रोज सकाळी तो खाणीत जायचा. बाकावर बसून उजव्या खांद्यानं झाडायचं तर डावीकडची खिट्टी त्याला उलट सोयीचीच, उजवा हात घोड्यावरून काढायला नको. आठवडाभर त्यानं त्या नळीला न्हाऊमाखू घातलं. लिओटा पिकअपमध्ये बसून वाळुंजाच्या झुडपांवर साचत चाललेला बर्फ बघायची.

मग एके दिवशी ती पीठ आणायला गेली आणि इर्माच्या हॉटेलात डोकावली. भिंतीवर मधोमध नवा कागद होता. तीन गोळ्यांचं मिळून एकच फाटकं भोक. खाली ठळक अक्षरांत बर्डेट स्कार.

"कसला हात आहे तुझ्या म्हाताऱ्याचा!" इर्मा म्हणाली. "हिवाळाभर पाय त्याचा."

परवाना लिओटाचा, रायफल लिओटाची, दस्ता लिओटाच्या बापाचा, आणि भिंतीवर नाव ह्याचं. ती घरी आली. बर्डेट खुर्चीत बसून नळी पुसत होता.

"झाली का रुळून?"

"अजून थोडी..."

"उद्या सकाळी निघायचं. आणि ती तू उचलायचीस."

"मी? माझा खुबा—"

"नळी तुझी. तुझ्या पायावर चालेल. खुबा पाय खायला जातो ना इर्माकडे, मग इथंही येईल."

सकाळी दोघं निघाले. ती पुढं, तो मागं काठी टेकत, पाठीवर रायफल. बर्फ पोटरीपर्यंत होता. दर थोड्या वेळानं ती थांबायची आणि मागं न बघता त्याच्या धापा ऐकायची.

"जड आहे गं," शेवटी तो म्हणाला.

"हो का? भिंतीवर तर हलकी वाटत होती."

"तू पाहिलंस?"

"सगळ्या गावानं पाहिलं."

त्यानं रायफलीचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. परत फिरू असं मात्र म्हणाला नाही. एका ठिकाणी त्यानं वाकून बर्फातला माग पाहिला, दोन बोटं आत घातली आणि म्हणाला, "कडा अजून मऊ आहेत. आत्ताच गेलाय." लिओटानं मान हलवली. मागाच्या बाबतीत तिनं त्याला कधी टोमणा मारला नव्हता.

दलदलीच्या काठाशी आल्यावर तो दिसला. मोठा नर, पलीकडच्या अंगाला वाळुंजात उभा, हाकेच्या टप्प्याच्या बराच पुढं. मधे काळं पाणी, वर पापुद्र्यासारखा बर्फ. वळसा घालून जवळ जावं तर तोवर तो निघून जाणार. खाली बसावं तर झुडपं डोक्याच्या वर. टेकायला झाड नाही, आहे ती फांदी हात लावताच वाकणारी. उभ्यानंच झाडावं लागणार होतं.

लिओटानं रायफल उचलली. दुर्बिणीत मूसचा कान दिसला, मग आभाळ, मग पाणी. तिनं रायफल खाली घेतली. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं.

"एवढे पैसे," ती दातओठ खात पुटपुटली. "एवढे पैसे, आणि उचलत नाही."

बर्डेटनं तिच्याकडे पाहिलं. मग तो तिच्या पुढ्यात येऊन पाठमोरा उभा राहिला, काठी दोन्ही हातांनी बर्फात रोवली आणि गुडघे थोडे वाकवले.

"ठेव," तो म्हणाला.

"वेडा झालास? बहिरा होशील."

"थांब." त्यानं खिशातून नळी पुसायच्या चिंध्या काढल्या, बोळे करून कानांत कोंबले आणि पुन्हा काठी धरली. "आता ठेव. वाळूची पिशवी समज मला."

तिनं नळी त्याच्या खांद्यावर टेकवली. लांब होती म्हणून बरं, तोंड त्याच्या कानापुढं हातभर गेलं. मूसनं डोकं वर केलं.

"श्वास रोख," ती म्हणाली, पण त्याला ऐकू गेलं नसावं. त्यानं तो आधीच रोखला होता. दुर्बिणीतली फुली मूसच्या खांद्यामागं जाऊन बसली आणि तिथून हलली नाही. कारखान्याची हलकी नळी असती तर हा खांदा लागलाच नसता. ती इथं एकटीच आली असती.

तिनं घोडा दाबला.

मूस दोन पावलं चालला, विसरलेलं काही आठवल्यासारखा थांबला आणि आडवा झाला. लिओटानं दुसरं काडतूस चढवून वाट पाहिली. तो उठला नाही.

बर्डेट अजून तसाच वाकून उभा होता. "लागली?" तो मोठ्यानं ओरडला.

तिनं त्याच्या खांद्यावरून नळी उचलली, ती पोलादाची जाडजूड वस्तू क्षणभर बघितली आणि हळूच म्हणाली, "नळी चांगली आहे."

"काय?" त्यानं कानातले बोळे उपसले. "काय म्हणालीस?"

"म्हटलं, सुरी काढ. आणि क्लीटला फोन लाव, घोडे घेऊन ये म्हणावं. भिंतीवरच्या पुढाऱ्याला जरा ओझं वाहू दे."

"नाही, नाही. त्याआधी काहीतरी म्हणालीस तू. नळीचं काहीतरी."

"जड आहे म्हणाले," लिओटा म्हणाली आणि दलदलीला वळसा घालायला निघाली. रायफल या वेळी तिनं स्वतःच्या खांद्यावर घेतली होती.