फक्त बघायचं काम

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीवरचा जुना लोखंडी सांगाडा गॅस कटरने कापून काढायचं ठरलं, तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात माझ्या सल्ल्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. त्यामुळे काम घेतलेली गंधाली, "ठिणग्या खाली पडतील, तिथे लक्ष ठेवायला एक जबाबदार माणूस हवा," असं म्हणाल्याबरोबर मी हात वर केला. 'जबाबदार' ऐकून माझी बायको वनमाला खोकली.

गंधालीने मला वाळूच्या बादल्या, फायर एक्स्टिंग्विशर आणि पिवळं हेल्मेट दिलं. "काका, फक्त बघायचं. काही दिसलं तर मोठ्याने ओरडायचं, म्हणजे वर आम्ही थांबू."

फक्त बघायचं! वांद्र्याच्या ऑफिसात मी जन्मभर दुसऱ्यांना काम करताना बघण्याचाच पगार घेतला होता. मी शिट्टी आणली. सकाळपासून ती फुंकून फुंकून सगळ्यांना गाड्या हलवायला लावल्या. माझी स्कूटर तेवढी प्लॅस्टिकच्या कव्हरखाली तिथेच राहिली. ती सुरू होत नव्हती, आणि सगळ्यांदेखत ढकलत न्यायला मला कमीपणा वाटला.

कटर सुरू झाला. ठिणग्यांचा सडा पडू लागला. थोडा वेळ मी खरंच बघितलं. मग तळमजल्यावरचा बाळा आला.

"सुबोधा, ह्यां काय रे? डोक्यार हेल्मेट कित्याक?"

मला श्रोता मिळाला! मी ठिणग्यांकडे पाठ केली आणि ठिणगी किती लांब उडते, कापड, प्लॅस्टिक कसं दूर ठेवावं, हे त्याला समजावू लागलो. बाळा माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

"सुबोधा, तुजी स्कूटर..."

"मध्ये बोलू नकोस."

"अरे, पेटली मेल्या!"

कव्हर भडकलं होतं. मी ओरडायचं सोडून शिट्टी फुंकली. पण सकाळपासून ऐकलेल्या माझ्या शिट्टीकडे आता कोण लक्ष देणार? एक्स्टिंग्विशर उचलला आणि पिन न काढताच दांडा दाबत बसलो. शेवटी बाळाने वाळूची बादली ओतली, निम्मी स्कूटरवर, निम्मी माझ्या पायांवर. वनमाला खिडकीतून ओरडली, "गंधाली, थांबव गं!" तेव्हा कुठे वरचं काम थांबलं.

गंधाली धावत खाली आली. सीटला भोक पडलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिने आधी विचारलं, "कोणाला लागलं नाही ना?" मग म्हणाली, "सुरू करण्याआधी मीच खाली येऊन बघायला हवं होतं. चूक माझीही आहे. काका, दुसऱ्या कोणाला बसवू का?"

"नको," मी म्हटलं. "आता बघतो."

शिट्टी मी बाळाला देऊन टाकली. स्कूटर आम्ही दोघांनी ढकलत फाटकाबाहेर नेली.

दुपारी काम संपलं. सगळे चहाला गेले. जाताना गंधाली म्हणाली, "काका, अजून अर्धा तास तरी हलू नका. कुठेतरी धुमसत असलं तर नंतर पेटतं."

मी बसलो. मोबाईल खिशातच ठेवला. काही घडत नव्हतं. उन्हाने डोळे मिटायला लागले, तेवढ्यात जळकट वास आला. उठून शोधलं, तर पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे झाडून ठेवलेल्या पानांच्या ढिगातून धुराची बारीक रेघ निघत होती. शेजारीच विजेची वायर.

या वेळी मी आधी ओरडलो. असा ओरडलो, की गंधाली हातातला कप टाकून पळत आली. आम्ही ढीग पांगवला, वाळू टाकली. आत लाल निखारा होता.

"झकास, काका!" ती म्हणाली.

मी नम्रपणे गप्प राहिलो. जिना चढेपर्यंत. मग भेटेल त्याला सांगत सुटलो, आणि प्रत्येक मजल्यावर तो पानांचा ढीग थोडा थोडा वाढत गेला.

घरी वनमालाने चहा दिला. माझ्याकडे जरा वेळ बघून तिने विचारलं, "अहो, घाबरला होतात?"

"हो."

"कधी? स्कूटर पेटली तेव्हा?"

"दोन्ही वेळा. अजूनही घाबरलोय."

"दिसतंय," ती म्हणाली, आणि बशीत सांडलेला चहा पुसायला फडकं घेऊन आली.