एक फोटो काढू का

फ्रीजच्या पोटात बर्फाचे खडे धडाधड पडले आणि वल्लरी दचकली. तेवढा आवाज सोडला तर पार्सिपनीतलं ते घर सकाळपासून गप्पच होतं. शनिवार असल्यामुळे तिची लेक अहिल्या अजून झोपलेली होती आणि नवरा प्रसाद भाजी आणायला गेला होता. ओट्याला टेकून वल्लरी एकच वाक्य पुटपुटत होती.

"पॉसू चिरार उमा फॉतू?"

म्हणजे, एक फोटो काढू का? प्रवाशांसाठी पोर्तुगीज शिकवणाऱ्या कुठल्याशा व्हिडिओत तिला ते सापडलं होतं. आधी कॉफी कशी मागायची ते, मग हे, आणि मग स्टेशन कुठे आहे ते. या वाक्यात सगळे मिळून चारच शब्द होते. अडीच वर्षं सेलिया अहिल्याला सांभाळायला रोज सकाळी आठच्या ठोक्याला या घरात येत होती, आणि वल्लरीला हे चार शब्द शिकायला सवड झाली ती या आठवड्यात. सेलिया आज तिचं राहिलेलं सामान घेऊन जाणार होती. सोमवारपासून ती येणार नव्हती.

सेलिया ब्राझीलची. न्यूअर्कहून दोन बस बदलून यायची. वल्लरीची रजा संपली तेव्हा अहिल्या दीड वर्षाची होती आणि परक्या माणसाकडे बघून भोकाड पसरायची; सेलियाने तिला कडेवर घेतलं, खिडकीशी नेलं, काहीतरी गुणगुणली, आणि त्या दिवसापासून अहिल्याची ती 'सीसी' झाली. इंग्रजी दोघींच्या मधलं, मोडकंतोडकं. पण सेलियाने मराठी उचललं होतं. "दूध पी," "पुरे आता," "शहाणी माझी ती," असं ती इतक्या लाडाने म्हणायची की व्हिडिओ कॉलवर वल्लरीच्या सासूबाई थक्क व्हायच्या. "आमच्या कामवालीपेक्षा हिचं मराठी गोड आहे गं," म्हणायच्या.

फक्त फोटो म्हटलं की सेलिया बाजूला व्हायची. फोन वर उचललेला दिसला की तिला लगेच काहीतरी काम आठवायचं. अहिल्याच्या पहिल्या सायकलच्या फोटोत सीटच्या मागे तिचे नुसते हात आले होते. वल्लरीला वाटायचं, लाजते बिचारी.

मग जानेवारीत बोरन्हाण झालं. अहिल्या आता चार वर्षांची. पुढच्या वर्षी मोठी होईल, म्हणून यंदा हौसेने घातलेलं. बोरं कुठून मिळणार, म्हणून ब्लूबेरी; चुरमुरे, तिळाच्या रेवड्या, उसाऐवजी मार्शमेलो. सासूबाईंनी पुण्याहून हलव्याचे दागिने पाठवले होते. पण डोक्यावर काही ओततात म्हटल्यावर अहिल्याने जे अंग टाकलं, ती पाटावर बसेचना. शेवटी सेलियाने मांडी घातली आणि तिला कुशीत घेऊन बसली. वल्लरीने सेलियालाही हळदीकुंकू लावलं. मैत्रिणींनी फोन काढले, तसा सेलियाने हात चेहऱ्यासमोर धरला. नो फोटो, दोना वल्लरी, म्हणाली. दोना म्हणजे बाई; वल्लरीला ती तशीच हाक मारायची.

सगळ्या हसल्या. नेत्रा म्हणाली, "बघ, नवऱ्या मुलीसारखी लाजतेय." समोर टेकवलेल्या फोनमधून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, संकोच करते ती. आग्रह कर जरा."

वल्लरी अशा घरात वाढली होती जिथे पहिल्या नकाराला कुणी नकार मानत नाही. पाहुणा पुरे म्हणतो आणि आपण आणखी एक पोळी वाढतो. तो ताटावर हात आडवा धरतो आणि आपण बोटांच्या फटीतून तूप सोडतो. न वाढलं तर तोच मागे म्हणतो, नुसतं तोंडदेखलं विचारलं. त्याच सवयीने वल्लरीने हसत हसत सेलियाचं मनगट धरलं आणि हात खाली केला. तेवढ्यात अहिल्याने एक ब्लूबेरी सेलियाच्या तोंडात कोंबली. सेलियाला हसू फुटलं, आणि नेत्राने नेमका तो क्षण टिपला.

फोटो फार सुंदर आला होता. वल्लरीने तो गावातल्या लहान मुलांच्या आईमंडळींच्या ग्रुपवर टाकला. ही आमची सेलिया, हिच्यासारखं प्रेम कुणी करणार नाही, असं लिहून. सेलियाला पुढे आणखी कामं मिळावीत, असंही मनात होतं. दोनशे जणींनी हृदयं पाठवली. तिथून तो फोटो कुणी न्यूअर्कच्या ब्राझिलियन लोकांच्या ग्रुपवर नेला, तिथून एका चुलत बहिणीकडे, आणि दहा दिवसांत तो सेलियाच्या गावी पोचला. तिच्या मुलीच्या हातात.

मुलगी आहे हेच वल्लरीला तेव्हा कळलं. लुआना, नऊ वर्षांची. चार वर्षांची असताना तिला आजीजवळ ठेवून सेलिया इकडे आली होती. कागदपत्रं नसल्यामुळे एकदा परत गेलं तर पुन्हा येता येणार नव्हतं, म्हणून गेलीच नव्हती. मुलीला तिने सांगितलं होतं, मी बेकरीत काम करते, दिवसभर पाव भाजते.

"तिने फोटो मोठा करून पाहिला," सेलिया ओट्याशी उभी राहून म्हणाली होती. तिचा आवाज चढला नव्हता, ती रडलीही नव्हती. "माझ्या मांडीवर कोण आहे, ते. आता ती फोनवर येत नाही."

वल्लरीने त्याच दिवशी पोस्ट काढून टाकली. सेलियाने सांगितलं तसे फोनमधले तिचे सगळे फोटोही पुसले, नेत्रालाही पुसायला लावले. हजारदा सॉरी म्हणून झालं. त्यानंतर सेलिया महिनाभर येत राहिली, पण गुणगुणणं थांबलं होतं. मग एक दिवस म्हणाली, न्यूअर्कला बेकरीत काम मिळालंय. मुलीला जे सांगितलं होतं, ते आता खरं करते.

दहाच्या सुमाराला बेल वाजली. आत येऊन सेलियाने आपल्या सपाता, स्वेटर आणि कॉफीचा मग पिशवीत भरला. अहिल्या जिन्यावरून धावत आली आणि तिच्या पायांना बिलगली. सेलिया खाली बसली, तिच्या केसांतून हात फिरवू लागली. खिडकीतून दोघींवर ऊन येत होतं. वल्लरीच्या फोनमध्ये आता सेलियाचा एकही फोटो नव्हता. अहिल्याला हा चेहरा किती वर्षं आठवेल?

तिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. सेलियाने मान वर केली. उच्चार ऐकून तिच्या ओठांच्या कडा जरा हलल्या.

"नो, दोना वल्लरी," ती हळूच म्हणाली.

अगं एकच, कुणाला दाखवणार नाही, फक्त हिच्यासाठी; सगळं वल्लरीच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला. सेलिया क्षणभर वाट बघत राहिली, पुन्हा मागेल म्हणून. वल्लरीने मागितलं नाही, तेव्हा तिचे खांदे सैल झाले.

जाताना ती वल्लरीच्या गालाला गाल लावून गेली. बसस्टॉपपर्यंत सोडते म्हटलं, तर नको म्हणाली. वल्लरी दारातच थांबली.

"सीसी कुठे चालली?" अहिल्याने विचारलं.

खोटं सांगायचं नाही असं वल्लरीने ठरवलं होतं. तिने सांगितलं की सीसीला एक मुलगी आहे, लुआना नावाची, तुझ्यापेक्षा मोठी. लांब राहते, विमानाने जावं लागतं. तिला वाईट वाटलंय, म्हणून सीसी आता दुसरीकडे काम करणार.

"मग सीसी विमानाने तिच्याकडे जाणार?"

"नाही, पिल्लू."

अहिल्या दाराच्या काचेला नाक लावून रस्त्याकडे बघत राहिली. पिशवी घेतलेली सेलिया वळणापर्यंत पोचली होती.

"बट शी इज हर मॉमी," अहिल्या म्हणाली. "मग ती माझ्याजवळ का होती?"