बाभळीपाशी थांबलेला ट्रक

रविवारी सकाळी दहा वाजता प्रताप नगरच्या एका सभागृहाच्या भिंतीवरून एक चित्र उतरवण्यात आलं. माजी सैनिकांनी काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन संध्याकाळी उघडायचं होतं. चित्र निवृत्त नाईक धम्मानंद मेश्रामांनी काढलेलं. उतरवणारे प्रदर्शनाचे आयोजक सुभेदार रुपराव, कारगिलमधले त्यांचे सोबती, एका ताटात जेवलेले.

चित्र पत्र्यावर होतं, गाड्यांना मारतात त्या रंगात. पलटणीत धम्मानंद ट्रकांवर नंबर घालायचे. हात त्याच रंगावर बसलेला. चित्रात लष्कराचा ट्रक, आत तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, आणि पुढे रस्त्यावर आडवे टाकलेले बाभळीचे फाटे.

पेटीत त्यांच्याच पलटणीतला नागसेन होता. तो कारगिलच्या पहाडावर गोळी लागून गेला. पारशिवनीकडच्या त्याच्या गावानं त्याला देवळापुढच्या रस्त्यानं जाऊ दिलं नाही. बौद्धांचं मसण नाल्यापलीकडे, त्यांची वाट शेतातून, असं गावचं म्हणणं. पेटीसोबत आलेले धम्मानंद तेव्हा त्याच ट्रकमध्ये बसले होते. पेपरात तिरंग्याचा फोटो आला, फाट्यांचा आला नाही. म्हणून नागसेनच्या आईनं, सिंधूताईंनी, धम्मानंदांकडे एकच धोशा लावला होता: मी मरायच्या आत ते फाटे चित्रात काढ.

चूक रुपरावांची, आणि अगदी फौजी. काहीही करायचं तर आधी वरून मंजुरी, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. कोणी मागितलं नसताना त्यांनी सगळ्या चित्रांचे फोटो प्रमुख पाहुण्यांना पाठवले. पाहुणे त्याच गावचे, आणि सभागृहही त्यांच्याच संस्थेचं. त्यांनी रस्ता ओळखला. ते चित्र असेल तर आपण येणार नाही आणि सभागृहही मिळणार नाही, असा निरोप आला.

रुपरावांनी आधी गोष्ट हसण्यावारी नेली. दुश्मनाच्या काटेरी तारेनं एवढा वेळ घेतला नव्हता, जेवढा या चार फाट्यांनी घेतला, म्हणाले. धम्मानंद हसले नाहीत. मग रुपरावांनी हिरव्या रंगाचा डबा पुढे सरकवला.

"फाटे तेवढे झाकून टाक न गा. ट्रक राहू दे, झेंडा राहू दे. दोन हात मारले का झालं."

"मंग ट्रक काहून थांबला, ते कोण सांगन?" धम्मानंद म्हणाले.

"कोणी विचारत नाही."

"नागसेनची बुढी विचारन."

रुपरावांनी चित्र मागच्या खोलीत नेऊन ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

सिंधूताई दुपारच्या एसटीनं आल्या. पांढरं लुगडं, हातात चपला. सभागृहाची फरशी चकचकीत होती म्हणून त्यांनी त्या दारातच काढल्या होत्या. धम्मानंदांनी काही लपवलं नाही. सिंधूताईंनी सगळं ऐकून घेतलं, मोकळ्या खिळ्याकडे पाहिलं आणि किल्ली कोणाजवळ आहे ते विचारलं.

रुपराव पुढे आले, वाकून पाया पडले. "माय, तुमचा पोरगा आमच्यासाठी देव आहे."

"देव नोको करू त्याले, बापू," सिंधूताई म्हणाल्या. "रस्त्यानं जाऊ दे."

रुपराव सरळ झाले. धम्मानंदांना वाटलं, आता हा खिशात हात घालून किल्ली काढेल.

सहाच्या सुमारास पाहुण्यांची गाडी फाटकात लागली. तोवर सिंधूताईंनी खिळ्याखाली खुर्ची ओढून घेतली होती आणि धम्मानंद त्यांच्या बाजूला उभे होते. चित्र मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. रुपराव पाहुण्यांना घ्यायला बाहेर गेले. खोलीची किल्ली अजून त्यांच्याच खिशात होती.