लघवी तुंबल्याशिवाय आत पाठवू नये

साहेब, या पोरीला तुम्ही मारलंत. हातात पाण्याचा पेला तिच्या सासूनं दिला, पण दवाखान्याचे प्रमुख तुम्ही, सोनोग्राफीच्या दारावरचा कागद तुमच्या सहीचा: 'लघवी तुंबल्याशिवाय आत पाठवू नये.' कोणाला, कोणत्या दुखण्यात, काही नाही. सरसकट.

सासू त्या दारावर अकरा वर्षं बसते. सगळे तिला मावशी म्हणतात. नंबर लावायचा, पाणी पाजायचं, वशिल्यानं घुसणाऱ्याला परत धाडायचं. यात तिचा हात कोणी धरत नाही.

त्या दुपारी सूनच आली. हातात सोनोग्राफीची चिठ्ठी, ओटीपोट गच्च धरलेलं, चेहरा पांढराफटक.

"लघवीला जाऊन आलीस?" मावशीनं विचारलं.

"आत्ताच."

"झालं. मग घे, पी आता."

"घरी कधी घोटभर विचारलं नाहीत, आई. आज तांब्या भरून?"

"तोंड चालतंय, म्हणजे बरी आहेस."

बाकावरच्या बायका हसल्या. त्याही पाणी पिऊन ताटकळत होत्या. आत टेबल रिकामं, डॉक्टरीणबाई पेपर चाळत बसलेल्या. मावशीच्या एकदा मनात आलं, द्यावं ढकलून आत. पण घरच्या माणसाला सोडलं तर उद्या कोणत्या तोंडानं दुसऱ्यांना अडवायचं?

"आई, खांदापण दुखतोय."

"पोटातलं खांद्यात कसं जाईल? बादली उचलली असशील. पी अजून."

चौथ्या पेल्याला सून बाकावरून घसरली.

मग कागद कोणी वाचला नाही. डॉक्टरीणबाईंनी बरगडीखाली यंत्र टेकवलं आणि पडद्यावर यकृताला लागून काळा पट्टा दिसला. रक्त. गर्भ नळीत रुजला होता, नळी फुटली होती. रक्त पोटभर पसरून वर चढलं होतं, म्हणून खांदा.

"हे बघायला तुंबलेली लघवी लागत नाही हो, मावशी," त्या एवढंच बोलल्या.

तातडीनं ऑपरेशनला घेतलं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, पोटात नुसतं पाणी आहे, उलटी झाली तर श्वासात जाईल. तरी भूल दिली, दुसरा इलाज नव्हता. पण नाडी आधीच हाताला लागत नव्हती. सून टेबलावरच गेली.

मुलगा रडला नाही. आईला "तू दारातच होतीस ना?" म्हणाला. तेव्हापासून तो तिच्याशी बोललेला नाही.

चौकशीला तिघं बसले होते, मधोमध तेच सहीवाले साहेब. दारावरचा कागद तोवर कोणीतरी काढून टाकला होता.

"पाणी कोणी दिलं?"

"मी."

"किती?"

"चार पेले."

लिहून घेतलं, सही घेतली, जा म्हणाले. मावशी उठली नाही.

"माझं सांगून झालं, साहेब. जन्मभर सांगत राहीन. पण अचानक पोट दुखत आलेल्या बाईला थांबवू नये, ही एक ओळ तुम्ही का लिहिली नाहीत? तुम्हाला माहीत नव्हतं, की सुचलं नाही? काय ते सांगा. मी बसलेय."