डाव्या हाताच्या रेषा

आश्लेषाने आयुष्यात एकच मोठा शोध लावला, आणि तोही भिडेपायी दुसरीच्या पदरात टाकून बसली.

नागपूरला ती चित्रकला शिकवायची. नवऱ्याच्या व्हिसावर इंग्लंडमधल्या श्रूजबरीला आली तेव्हा नोकरी मिळेना, म्हणून जवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये फुकट राबू लागली. तिथे जोसाया वेन तिच्या वाट्याला आला. अठराव्या शतकातला हा गडी चांदीच्या चमच्यांवर नावं कोरता कोरता तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरू लागला, आणि पुढे हस्तिदंताच्या इवल्याशा चकत्यांवर माणसांचे चेहरे रंगवू लागला. म्हातारपणी त्याचा हात कापायचा, तरी त्याची सगळ्यात देखणी चित्रं त्याच काळातली. जाणकार याला चमत्कार म्हणून मोकळे झाले होते.

आश्लेषा डावरी. लहानपणी जेवताना त्या हातावर इतके फटके खाल्लेले की दुसऱ्याचा डावा हात तिच्या नजरेतून सुटत नसे. भिंगाखाली तिला दिसलं, की गालांवरच्या बारीक रेषा आधी उजवीकडून डावीकडे खाली उतरतात, आणि शेवटच्या सव्वीस चित्रांत बरोबर उलट्या, डाव्या हाताने ओढल्यासारख्या. मग नऊ वर्षं तिने चर्चची दप्तरं आणि जुनी पत्रं उपसली. अखेर वेनच्या बहिणीचं एक पत्र सापडलं. वहिनी हॅना डाव्या हाताने लिहिते आणि रंगवते, म्हणून बाईंनी त्यात नाक मुरडलं होतं. चमत्कार कसला डोंबलाचा! चित्रं बायको काढत होती आणि सही नवरा ठोकत होता.

म्युझियमची क्युरेटर नीना म्हणजे आश्लेषाच्या मैत्रिणीची मुलगी, जन्मापासून इथलीच. आश्लेषाने आपली वही तिच्या हातात ठेवली.

"ओ माय गॉड, मावशी! यावर प्रदर्शन करू या. कॅटलॉगवर तुझं नाव टाकू ना?"

"अगं, घरच्या घरी कसलं आलंय नाव? राहू दे."

आपल्याकडे 'राहू दे'चा अर्थ 'आणखी दोनदा विचार' असा होतो. आश्लेषा त्या दोनदांची वाट बघत राहिली. वर्ष गेलं.

शनिवारी दुपारी प्रदर्शन उघडलं. कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर नीनाचं नाव. आत आभारांच्या शेवटी एक ओळ: 'आणि माझी लाडकी मावशी'. आडनाव सोडाच, नावसुद्धा नाही. भाषणात नीना म्हणाली, "आय नोटिस्ड द ब्रशस्ट्रोक्स," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आश्लेषाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनेही टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर मात्र तिने नीनाला कोपऱ्यात गाठलं. "त्या रेषा तू नोटिस केल्यास?"

नीना खरोखर गोंधळली. "मावशी, मी विचारलं होतं ना? तू नो म्हणालीस. आय रिस्पेक्टेड दॅट."

"एकदाच विचारलंस."

"मग किती वेळा विचारायचं असतं?"

पोरीच्या चेहऱ्यावर लबाडी असती तर भांडता तरी आलं असतं. आश्लेषाने उभ्या जन्मात स्वतःसाठी जे कधी मागितलं नव्हतं ते मागितलं.

"पुढच्या आवृत्तीत माझं नाव घाल. पूर्ण नाव. मला हवंय."

"ऑफ कोर्स, मावशी!" नीनाने तिला मिठी मारली. "पण कॅटलॉग रीप्रिंट नाही करत गं कोणी."