भोंग्याच्या गुळण्या

दम्याचा पंप तोंडात धरून त्याने दाबला आणि श्वास रोखला. गाल फुगवून, डोळे मिटून, तलावाच्या तळाशी बसल्यासारखा. मग श्वास सोडून पंप बायकोच्या हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. हल्ली त्याला तिथे वेळ लागायचा. तिने टोपण लावलं आणि चहाचं आधण ठेवलं.

हा माणूस पोहायला शिकवायचा, तोही शिट्टीशिवाय. उथळ बाजूला उभा राहून ओरडला, की खोल बाजूची पोरं नुसत्या भीतीने तरंगायची. त्याच्या मागे सगळे त्याला भोंगा म्हणत. घरात भाजीला मीठ कमी पडलं, तर वरच्या मजल्यावरची शेजारीण आपणहून मीठ घेऊन यायची.

मग तलावावरच्या क्लोरीनने दमा उसळला. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा स्टेरॉइडचा पंप दिला.

"दम लागो न लागो, चुकवायचा नाही. आणि दर वेळी गुळण्या करून थुंकायचं. नाहीतर आवाज बसतो, तोंडात पांढरे चट्टे येतात."

हे तिने एकटीने ऐकलं. भोंगा तेव्हा बाहेर कंपाउंडरवर वाजत होता.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. गुळण्या तेवढ्या राहिल्या. पहिल्या दिवशी ती खरोखरच विसरली होती.

दमा आटोक्यात आला. आवाज आधी घोगरा झाला, मग घासू लागला, मग विझला. भोंग्याने शिट्टी विकत आणली. त्याच्या जिभेवरचे चट्टे पाहून तिला वाईट वाटलं. तिने भाजी बिनतिखटाची केली. तेवढंच वाईट वाटलं. कपडे वाळत घालताना ती गुणगुणू लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच. आधी तिला वाटलं, शेजारचा रेडिओ आहे.

आवाज गेलेल्या माणसाला ऐकूही येत नसावं, असं तिने धरूनच टाकलं होतं. मागे एकदा तो समोर पेपर वाचत बसलेला असतानाच तिने बहिणीला फोन लावला होता.

"ताई, घरात कसं गार वाटतं गं! गुळण्यांचं मी बोललेच नाही त्यांना."

"अगं बाई! आणि विचारलं तर?"

"कशाने विचारतील?"

दोघी हसल्या होत्या. पेपरचं पान उलटलं होतं.

चहा उकळला. हाक मारायला ती बाथरूमच्या दारापाशी गेली आणि थबकली. आत खळखळ चालली होती. थुंकल्याचा आवाज. पुन्हा खळखळ. मग भोंगा. दबलेला, पण ठणठणीत.

"ताई, घरात कसं गार वाटतं गं!"

तिचाच हेल. शेवटचा 'गं'सुद्धा तिच्यासारखा लांबवलेला. मग तेच वाक्य पुन्हा, एक पट्टी वर.

तो बाहेर आला. हनुवटी ओली होती. गळ्याला हात लावून त्याने बिचारा चेहरा केला.

"चहा," तो कुजबुजला.

तिने दिला. मग बादलीतले कपडे घेऊन ती गॅलरीत गेली आणि मुकाट्याने पिळू लागली.

"थांबलीस का?" मागून कुजबुज आली. "म्हण की. छान म्हणतेस."

ती गुणगुणू लागली. त्याने खुर्चीत रेलून डोळे मिटले आणि मागे पडलेल्या पोराला काठावरून खुणावायचा तसा तळहात हलवत राहिला. वर. आणखी वर.