मालमत्ता क्रमांक ४११२

मामांची नोकरी वाचली. आधीच सांगून टाकतो, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. आता हे वाक्य विसरा. कारण कागदोपत्री मामांच्या नोकरीला कधी काही झालंच नव्हतं, आणि ज्याला काही झालंच नाही ते वाचणार कसं? कार्यालयाच्या दृष्टीने त्या मंगळवारी एका जुन्या उपकरणाची नियमित तपासणी झाली, बस. उपकरणाला दिवसातून चार वेळा चहा लागतो आणि ते माझ्या आईचा सख्खा भाऊ आहे, हा तांत्रिक तपशील झाला.

मी एका सात मजली दवाखान्याच्या देखभाल विभागात इमारतीचं मॉडेल सांभाळतो. पडद्यावर अख्खी इमारत उभी असते, भिंतींच्या पोटातल्या नळांसकट. कुठल्याही वस्तूवर क्लिक केलं की तिची कुंडली उघडते: कोणी बनवली, कधी बसवली, आयुष्य किती, पुढची तपासणी कधी. वेळ झाली की सिस्टीम आपणहून हुकूम काढते. फिल्टर बदला. पट्टा घट्ट करा. पंप काढा, नवा बसवा. आमच्याकडे माणसाने सांगितलेलं कोणी ऐकत नाही, पण सिस्टीमने सांगितलं की लोक हातातला घास खाली ठेवतात.

मामा या इमारतीचे प्लंबर. इमारत उभी राहिली त्या वर्षी लागले. बांधणाऱ्याने जे नकाशे दिले ते एका मजल्याचे काढून सातांना चिकटवलेले; खरे नळ कुठून कुठे जातात हे एका मामांनाच ठाऊक. दीड वर्षापूर्वी मी सगळे व्हॉल्व्ह मॉडेलमध्ये नोंदवायला निघालो तेव्हा तळघरातल्या पंपघरात, त्यांच्या लोखंडी खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो.

"मामा, तिसऱ्या मजल्याचं पाणी कुठून बंद होतं?"

"मला बोलव. मी बंद करतो."

"ते झालंच. पण व्हॉल्व्ह कुठेय?"

"आहे तिथे आहे. पळून जात नाही."

"मॉडेलमध्ये लिहायचंय हो."

"मग लिही, मामाला बोलवा."

मी खूप गयावया केली. शेवटी ते पाना पुसता पुसता म्हणाले, "भाच्या, सगळं तुझ्या त्या डब्यात गेलं की मी काय करू? दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करू?"

पण माझ्याकडे फॉर्म होता. त्यात 'पाणी कुठून बंद होते' हा रकाना रिकामा सोडला की फॉर्म जतन होत नाही. त्यात काही लिहिताही येत नाही. आधी नोंदवलेल्या उपकरणांतलंच एखादं निवडावं लागतं. बावीस व्हॉल्व्ह अडकले होते आणि काम त्याच दिवशी संपवायचं होतं. तेव्हा मी तेच केलं जे कोणतंही हुशार गाढव करेल. मामांनाच उपकरण म्हणून नोंदवलं.

मालमत्ता क्रमांक ४११२. प्रकार: पाणी बंद करण्याचे साधन, हाताने चालणारे. उत्पादक: आजी. अनुक्रमांक: मामांचा कर्मचारी क्रमांक. ठिकाण: तळघर, पंपघर, लोखंडी खुर्ची. बसवल्याची तारीख: नोकरीला लागले तो दिवस. आयुष्यमान निवडायला पाच, दहा, पंधरा आणि पंचवीस वर्षं असे पर्याय होते. मामांचा मान राखून मी सगळ्यात मोठा निवडला. पडद्यावर पंपघरात एक करडा, जाडसर दंडगोल उगवला. साम्य बऱ्यापैकी होतं.

बावीस व्हॉल्व्हसमोर '४११२' लागलं, फॉर्म जतन झाला, आणि मी ते विसरून गेलो. सिस्टीम विसरली नाही. तिला तो गुणच नाही.

त्या सोमवारी मामांच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला मामांचा फोन आला. "अरे, मी गेटवर आहे. कार्ड लावलं की लाल दिवा लागतोय."

"पुसून लावा."

"पुसलं. वॉचमन म्हणतोय, मामा, पडद्यावर तुमची मुदत संपली असं दाखवतंय."

मी कॉम्प्युटर उघडला. समोर हुकूम होता: 'मालमत्ता क्र. ४११२. आयुष्य संपले. काढून टाकावी. त्याच मापाची नवीन बसवावी. जुनी मालमत्ता भांडारात जमा करावी.' सिस्टीमने अनुक्रमांक गेटच्या यादीशी जुळवून कार्डही बंद केलं होतं. खाली बारीक अक्षरांत: 'आज दुपारी चार वाजता हुकूम कायम होईल.'

मामांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. ज्या गोष्टीला मामा दीड वर्ष घाबरत होते ती मी आपल्या हाताने, तीही आदराने, करून ठेवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फोनवर मामा अजून होते. मी वाचून दाखवलेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग ते हळूच म्हणाले, "शेवटी तुझ्या डब्याने काढलंच ना मला."

दोन मिनिटांत आईचा फोन. घरातली बातमी सिस्टीमपेक्षा जोरात पळते. "माझ्या भावाला तू भंगारात काढलंस?"

"आई, भंगारात नाही, भांडारात."

"संध्याकाळपर्यंत तो कामावर दिसला नाही तर तू घरात दिसू नकोस."

मी देखभाल प्रमुख मॅडमना घेऊन प्रशासन अधिकाऱ्यांकडे धावलो. त्यांना सगळे परिशिष्ट साहेब म्हणतात, कारण त्यांच्याकडे प्रत्येक दुःखासाठी एक परिशिष्ट आहे.

"नोंद खोडून टाका साहेब," मी म्हणालो. "माझीच चूक आहे."

"मालमत्ता खोडता येत नाही. खोडली तर ती गेली कुठे, याची चौकशी लागते."

"कुठेच गेली नाही. गेटवर उभी आहे. हातात डबा आहे."

"मग ती बेवारस मालमत्ता. त्याला वेगळं परिशिष्ट आहे."

"पण तो माणूस आहे हो!"

साहेबांनी पडदा माझ्याकडे वळवला. "इथे कुठे लिहिलंय?"

खरंच कुठेच लिहिलं नव्हतं. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की माझंही आयुष्यमान पाच वर्षांवर आलं. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "आयुष्यवाढ देता येते ना? उपकरण चालू असेल तर?"

"येते. प्रत्यक्ष तपासणी करून. चारच्या आत. माझ्यासमोर."

एकच अडचण होती. तपासणी पंपघरात, आणि उपकरण गेटबाहेर. कार्ड बंद असलेला माणूस आत येऊ शकत नाही. भांडारपालाने तोडगा काढला: सामान येऊ शकतं. साडेतीन वाजता मामा मागच्या दाराने, औषधांच्या खोक्यांमागून, रीतसर चलनावर आत आले. 'नग: एक. स्थिती: ठीक. झाकण: टोपी.' भांडारपालाने पोच म्हणून सही घेतली ती मामांचीच.

मामा आपल्या लोखंडी खुर्चीत बसले. मॅडमनी तपासणीचा तक्ता उघडला.

"गळती?"

"सर्दी आहे जराशी," मामा म्हणाले.

"किरकोळ गळती. चालतं. गंज?"

"गुडघ्यात."

"तेलपाणी वेळेवर होतं?"

"सकाळचा चहा राहिलाय."

"चालू असताना असामान्य आवाज?"

"ते हिच्या मामीला विचारा. म्हणजे याच्या." मामा गोंधळले होते. टोपी हातात घेऊन गोल गोल फिरवत होते. विनोद ते करत होते, पण हात थरथरत होता, आणि मॅडमनी 'कंपन' या रकान्यापाशी एकदा त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि 'नाही' लिहिलं. त्या क्षणापासून मॅडमविषयी मी कधी वाईट बोललेलो नाही.

"शेवटचा मुद्दा," साहेब म्हणाले. "कार्यचाचणी. उपकरणाने आपलं काम करून दाखवावं. तिसऱ्या मजल्याचं पाणी बंद करा."

"करतो. तुम्ही इथेच थांबा, मी आलोच."

"तसं नाही. चाचणी डोळ्यांनी पाहावी लागते. परिशिष्ट नऊ."

चारला बारा मिनिटं होती. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं त्यांना काय वाटतंय: व्हॉल्व्ह दाखवला तर पंचवीस वर्षं जपलेली एकुलती एक गोष्ट हातची गेली, नाही दाखवला तर नोकरीच गेली. मी म्हणालो, "मामा, तुम्ही दाखवलात तरी मी लिहिणार नाही."

त्यांनी पाना उचलला आणि निघाले.

बांधणाऱ्याच्या नकाशाप्रमाणे तो व्हॉल्व्ह लिफ्टमागच्या पोकळीत असायला हवा होता. मामा लिफ्टवरून पुढे गेले. जिना चढून दुसरा मजला. नोंदणी कक्ष, त्यापुढे प्रशासन. आम्ही मागोमाग. मामा एका दारापाशी थांबले, दारावर टकटक केलं आणि मग लक्षात आलं की ज्यांची खोली आहे ते मागेच उभे आहेत.

"साहेब, जरा खुर्ची घेऊ?"

परिशिष्ट साहेबांच्या खुर्चीवर जुनं वर्तमानपत्र पसरून मामा चढले. छताचा एक चौकोन वर ढकलला. आत लाल चाक. काखेत कळसा म्हणतात, इथे तो डोक्यावर होता. मामांनी चाक सहा वेळा फिरवलं आणि खाली उतरले.

आम्ही श्वास रोखून उभे. चारला चार मिनिटं. तीन. मग टेबलावरचा फोन वाजला. तिसऱ्या मजल्याच्या परिचारिका ओरडत होत्या, "अहो, इथलं पाणी गेलं!"

"गेलं?" मॅडम म्हणाल्या. "वा! अभिनंदन!" आणि फोन ठेवून दिला. नंतर तो प्रसंग निस्तरायला मलाच जावं लागलं.

साहेब वर बघत होते. "तरीच! सहा वर्षं माझ्या फाइलींवर थेंब पडतोय!"

"तो याचा नाही," मामा म्हणाले. "वरच्या बेसिनचा आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलं नाहीत."

तीन एकोणसाठला मॅडमनी आयुष्यवाढ भरली. सिस्टीम कमीत कमी दहा वर्षं देते, तेवढी दिली. मामांनी गेटवर जाऊन कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, बाहेर गेले. पुन्हा लावलं, आत आले. असं चार वेळा केलं. वॉचमन प्रत्येक वेळी उठून उभा राहिला. भांडारपाल मात्र चलन बंद करायला तयार नव्हता, कारण आलेला नग परत गेलेला नाही. ते अजून उघडंच आहे.

"दहा वर्षं?" मामा मला म्हणाले. "मी तर तीन वर्षांत निवृत्त होणार."

"तेव्हा पुन्हा तपासणी लावू. तुम्ही नापास व्हा."

मामा हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू, तेही पोट हलेपर्यंत. मग उठले. "चल. टॅब घे तुझा."

"कुठे?"

"एकवीस राहिलेत ना? लिही. एवढा खटाटोप करून मला त्या डब्यात बसवलंस, आता व्हॉल्व्ह बाहेर ठेवून काय करू?"

आम्ही सातही मजले फिरलो. बावीसातले पाच आरशांमागे निघाले, एक सूचनापेटीमागे, जी बसवल्यापासून कोणी उघडली नव्हती. मामा बोट दाखवत, मी नोंदवत होतो. प्रत्येक नोंदीखाली त्यांनी एक ओळ घालायला लावली: 'अर्धा फिरला की अडतो, तेव्हा मामाला बोलवा.' खोटं नव्हतं ते. खरंच अडतात.

आईचा निरोप आला: 'घरी ये.' एवढाच, पण त्यात सगळं होतं. मी तिथेच पायरीवर बसलो, मोठा श्वास सोडला आणि खालील अर्ज लिहून परिशिष्ट साहेबांच्या टेबलावर, थेंब पडतो त्या जागेपासून दूर, ठेवला.

प्रति, प्रशासन अधिकारी.
विषय: अर्जदारास मालमत्ता म्हणून नोंदवून घेण्याबाबत.

महोदय, अर्जदार गेली चार वर्षे अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर कार्यरत आहे. करार संपताच अर्जदारास कोणत्याही तपासणीविना काढता येते. मालमत्तेस मात्र मुदत संपली तरी प्रत्यक्ष तपासणी व कार्यचाचणी होऊन आपल्या उपस्थितीत आयुष्यवाढ मिळू शकते, असे आजच्या अनुभवावरून निदर्शनास आले आहे. क्रमांक ४११३ हे हात वाळवण्याचे यंत्र तीन वर्षे बंद असूनही कायम आहे, ही बाबही विचारात घ्यावी. तरी अर्जदाराची पुढीलप्रमाणे नोंद होण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती. ठिकाण: तळघर, पंपघर, लोखंडी खुर्चीशेजारी. आयुष्यमान: पंचवीस वर्षे. उत्पादक: मालमत्ता क्रमांक ४११२ यांची बहीण.